ट. ख. निराळा

माझ्या लहानपणी मासिकांच्या मागील पानांवर बारीक टाइपात जाहिराती असत. केस वाढवणारी तेले, घरबसल्या शिवणकाम शिकवणारी पुस्तके, वार्षिक भविष्ये, गुणकारी चूर्णे. जाहिरात कशाचीही असो, किंमत लिहिली की तिच्या शेपटीला ठरलेले शब्द येत: ‘ट. ख. निराळा’. मी तेव्हा नुकती अक्षरे लावून वाचू लागले होते. माझी ठाम समजूत अशी झाली की, हे कोणी ट. ख. निराळा नावाचे गृहस्थ आहेत आणि तेलापासून भविष्यापर्यंत सगळा माल त्यांच्याच दुकानातून येतो. एके दिवशी मी वडिलांना विचारले, “अण्णा, हे निराळा पुण्याचे की मुंबईचे?” अण्णा इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग त्यांनी सांगितले, “अगं, ट. ख. म्हणजे टपालखर्च. मालाचे पैसे वेगळे नि तो तुझ्या दारापर्यंत आणून टाकण्याचे वेगळे.”

पुढे साठ वर्षांनी हेच गृहस्थ माझ्या घरी मुक्काम ठोकतील आणि त्यांच्यापायी मला एका अनोळखी माणसापुढे मान खाली घालावी लागेल, असे कोणी सांगितले असते तर मला ते खरे वाटले नसते. पण झाले खरे तसे.

आमची पेठेतली जुनी इमारत पाडून नवी बांधायचे ठरले आणि आम्हाला दोन-अडीच वर्षांकरिता दोन खोल्यांच्या जागेत जावे लागणार, असे कळले. प्रश्न उभा राहिला मामंजींच्या दोन कपाटांचा. मामंजी जाऊन वीस वर्षे झाली; पण त्यांचा संसार कपाटांत तसाच होता. पुस्तके, दिवाळी अंकांचे गठ्ठे, रेशमी छत्रीचा टेबलदिवा, पितळी अडकित्ते, लोणच्याच्या दुरंगी बरण्या. रद्दीवाल्याने गठ्ठ्यांकडे पाहिले आणि किलोचा भाव सांगितला. तो भाव ऐकून मामंजींच्या फोटोकडे पाहण्याची मला सोय राहिली नाही.

तेव्हा माझी भाची मदतीला आली. “मावशी, रद्दीत कशाला घालतेस? लिलाव कर,” ती म्हणाली. तिने मला मोबाइलवर जुन्या वस्तूंच्या शौकिनांच्या एका गटात नेऊन बसवले. पद्धत सोपी होती. गुरुवारी वस्तूचा फोटो टाकायचा, पहिली बोली किती रुपयांची ते लिहायचे. लोक खाली आपापल्या बोल्या लिहितात. रविवारी रात्री नऊच्या ठोक्याला ज्याची बोली सर्वांत वर, त्याची वस्तू. पैसे मोबाइलवरून येतात, सोमवारी पार्सल निघते.

पहिल्या रविवारी मी पदर खोचून मोबाइलसमोर बसले. पौने नऊला एक अडकित्ता दोनशेवर होता. नऊला तो पाचशे दहावर गेला. मला लग्नाच्या मांडवात अंतरपाट दूर होताना वाटली होती तशी धडधड वाटली. आमचे हे जन्मभर बँकेत इतरांचे हिशोब तपासून निवृत्त झालेले. ते म्हणाले, “तुझा रक्तदाब आता नऊ वाजता मोजायला हवा.”

दीडशेचा नियम

वस्तूच्या किमतीखाली टपाल व बांधणी यांची रक्कम लिहावी लागे. मी इतर विक्रेते काय लिहितात ते पाहिले. बहुतेकांनी सरसकट दीडशे रुपये लिहिले होते. मीही दीडशे लिहिले.

“दीडशे कुठून आणलेस?” ह्यांनी विचारले.

“सगळे तेवढेच घेतात.”

“सगळे घेतात हे कारण झालं. हिशोब नव्हे.”

मी तिकडे दुर्लक्ष केले. बँकेतल्या माणसाला घरातही पावती लागते, असे मनाशी म्हटले.

सोमवारी पोस्टात गेले, तर खिडकीवरच्या मुलीनेच मला शहाणे केले. “काकू, पुस्तक आहे ना? मग ज्ञान पोस्टने पाठवा की,” ती म्हणाली. टपाल खात्याची ही सोय १ मे २०२५ पासून सुरू झाली. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक स्वरूपाचे छापील पुस्तक ३०० ग्रॅमपर्यंत असेल तर २० रुपये आणि पाच किलोपर्यंत असेल तर १०० रुपये, कर वेगळा. जाते जमिनीवरच्या मार्गाने, पण कुठवर पोचले ते कळते. नियतकालिके मात्र तीत बसत नाहीत. त्यामुळे मामंजींच्या पुस्तकांना ही सवलत मिळाली, त्यांच्या दिवाळी अंकांना नाही.

म्हणजे गिऱ्हाइकाकडून आलेल्या दीडशेपैकी पुस्तकामागे पोस्टात जात होते पंचविसाच्याही आत. उरलेल्यातून कागद-पुठ्ठ्याचा खर्च वजा केला तरी चांगली रक्कम हातात राही. ती मी चिवड्याच्या रिकाम्या डब्यात टाकू लागले. महिनाभरात डब्यात अकराशे चाळीस रुपये जमले. ते मला माझ्या कष्टाचे वाटत होते. दिवाळीला त्यात थोडी भर घालून साडी घ्यायची, असेही मी मनाशी ठरवले होते.

आणि मग इचलकरंजीहून पत्र आले.

गुरुजींचे पत्र

मोबाइलवरचा निरोप नव्हे. खरे, निळ्या शाईने लिहिलेले पत्र. पाठवणारे एक निवृत्त शिक्षक. त्यांनी माझ्याकडून व्याकरणाचे एक जुने पुस्तक साठ रुपयांना घेतले होते. वर टपाल आणि बांधणीचे दीडशे. पत्र असे होते:

“सौ. ताईंस सप्रेम नमस्कार, वि. वि. पुस्तक सुस्थितीत पोचले. शाळेत असताना याच पुस्तकावर मी व्याकरण शिकलो, त्यामुळे आनंद झाला. एक शंका आहे. पाकिटावरील टपालाच्या चिठ्ठीवर रक्कम चोवीस रुपये छापलेली दिसते. आपण दीडशे घेतलेत. एक जुने पाकीट आणि पुठ्ठ्याचा तुकडा यांचे मोल मला माहीत नाही. ते शंभराच्या पुढे असेल तर माझे अज्ञान समजावे. नसेल, तर पुस्तकाची किंमत दोनशे दहा होती असे मी समजतो. तेवढे आपण आधी सांगितले असतेत तर मी बोली लावली नसती, कारण माझे या महिन्याचे पुस्तकांचे पैसे दीडशेच होते. राग मानू नये. कळावे, लोभ असावा.”

पत्रात कुठेही वाकडा शब्द नव्हता. असता तर बरे झाले असते. मीही दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते. ‘पुस्तकांचे पैसे दीडशेच होते’ या वाक्यापाशी मी पुन्हा पुन्हा अडखळत होते. मी पत्र ह्यांच्या हाती दिले. ह्यांनी वाचले, घडी घातली आणि मुकाट्याने स्वयंपाकघरात जाऊन स्वतः चहा टाकला. आमच्या लग्नाला बेचाळीस वर्षे झाली. ह्यांनी आपण होऊन चहा टाकला की काहीतरी गंभीर आहे असे मी समजते.

बोली दिसते, टपाल दिसत नाही

त्या रात्री मी स्वतःशीच भांडले. मी काही चोरी केली नव्हती. दीडशेचा आकडा फोटोखाली स्पष्ट लिहिलेला होता. मग चुकले कुठे?

‘लिलाव’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. जुन्या लिलावात वस्तू समोर असे, पुकारा करणारा समोर असे, आणि बोली जिंकली की वस्तू हातगाडीवर घालून घरी नेणे हे घेणाऱ्याचे काम असे. हमालाशी घासाघीस तो स्वतःच करी. आताच्या लिलावात वस्तू माझ्या घरात, घेणारा चार जिल्हे पलीकडे, आणि हमाल ठरवणार मी! हमालाचे पैसे तो देणार, पण हमाल किती घेतो ते त्याला दिसणार नाही. इथेच सगळी मेख आहे.

ही मेख माझ्या एकटीच्या ध्यानात आली असे नाही. अमेरिकेत ईबे नावाची लिलावाची प्रचंड पेठ १९९५ मध्ये उघडली. तिथे पूर्वी दलाली फक्त वस्तूच्या किमतीवर घेत, टपालावर घेत नसत. साहजिकच काही धूर्त विक्रेत्यांनी वस्तूची किंमत नाममात्र ठेवून सगळा नफा टपालात घालण्याची युक्ती काढली. शेवटी २०११ मध्ये ईबेने अमेरिकेत टपालासकट एकूण रकमेवर दलाली लावली आणि त्या युक्तीचे पाणी अर्धे तरी आटले. त्याआधी २००७ मध्ये गिऱ्हाइकांना विक्रेत्यांना चार बाबतींत तारे देण्याची सोय झाली होती. त्या चारांतली एक बाब खास टपाल आणि बांधणीच्या आकाराचीच होती. म्हणजे तक्रार किती जुनी आणि किती सार्वत्रिक आहे पाहा. आपल्याकडेही ईबेने २००४ साली बाझी डॉट कॉम विकत घेऊन दुकान मांडले होते; ते ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाले. लिलावाची हौस मात्र बंद झाली नाही. ती मोबाइलवरच्या गटागटांतून वाटली गेली. तिथे तारे देणारा कोणी नाही. विक्रेत्याची लाज, एवढाच काय तो तारा.

या मोहाच्या मुळाशी काय आहे, हे दोन अर्थशास्त्रज्ञांनी चक्क प्रयोग करून पाहिले. तंजीम हुसेन आणि जॉन मॉर्गन ही त्यांची नावे. त्यांचा निबंध २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी ईबेवर गाण्यांच्या तबकड्या आणि व्हिडिओ खेळ असे ऐंशी लिलाव लावले. एकच वस्तू एकदा चार डॉलरच्या पहिल्या बोलीने आणि टपाल फुकट असे म्हणून मांडली. दुसऱ्यांदा पहिली बोली एक सेंट आणि टपाल तीन डॉलर नव्व्याण्णव सेंट. घेणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही एकच, कारण कमीत कमी चार डॉलर जाणारच. पण दुसऱ्या प्रकाराला बोली लावणारे जास्त आले आणि एकूण पैसेही जास्त मिळाले! बोली लावताना माणूस समोरच्या आकड्याशी झुंजतो. कोपऱ्यातल्या टपालाचा त्याला विसर पडतो. मात्र याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. तबकड्यांवरचे टपाल जेव्हा वस्तूच्या मानाने फारच फुगवले, तेव्हा हा फायदा नाहीसा झाला. माणूस विसरतो, पण डोळे मिटून बसत नाही.

हे वाचल्यावर मला माझे चुकले कुठे ते कळले. मी आकडा लपवला नव्हता. पण तो जिथे लोकांची नजर जात नाही तिथे ठेवून मी त्यांच्या विसराळूपणावर पैसे मिळवत होते.

उलटी चूक

पश्चात्ताप झालेला माणूस नेहमी दुसऱ्या टोकाला जातो. मीही गेले. दुसऱ्या आठवड्यापासून मी जाहीर केले, ‘फक्त पोस्टात लागतील तेवढे पैसे, बांधणी मोफत.’ लोकांनी हात जोडल्याची चित्रे पाठवली. माझी छाती दोन इंच फुगली.

मोफत म्हटल्यावर माझा हात आपोआप आखडला. नवे खोके घेण्याऐवजी बिस्किटांचे मऊ पडलेले खोके, बबल रॅपच्या चार वेढ्यांऐवजी एक, उरलेल्या जागेत चुरगाळलेले वर्तमानपत्र. अशा थाटात मी लोणच्याची एक दुरंगी बरणी नाशिकच्या एका बाईंना पाठवली. त्यांच्या आजीकडे तशीच बरणी होती म्हणून त्यांनी हौसेने नऊशे रुपयांपर्यंत बोली चढवली होती. बरणी पोचली ती पाच तुकड्यांत. त्या बाईंनी तुकड्यांचा फोटो पाठवला. खाली फक्त लिहिले होते, “काकू, आत हलत होती.”

वाहतूक करणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. पार्सल फेकले जाणार, त्यावर दुसरी पार्सले पडणार, हे धरूनच बांधायचे असते. बांधून झाल्यावर खोके कानाशी धरून हलवावे. आत काही वाजले तर पुन्हा उघडावे, हा साधा नियम मी पाळला नव्हता. मी नऊशे रुपये परत केले. पण शंभर वर्षे टिकलेली बरणी माझ्या मोफत बांधणीने गेली, ती काही परत आली नाही.

तिसरा धडा टेबलदिव्याने दिला. दिवा वजनाला जेमतेम दीड किलो. मी घरच्या काट्यावर तोलला आणि ‘टपाल दोनशे’ लिहून टाकले. रेशमी छत्री चेपू नये म्हणून खोके मोठे घेतले, चाळीस सेंटिमीटर लांब, तेवढेच रुंद, तेवढेच उंच. कुरियरच्या दुकानातल्या मुलाने टेप लावून ते मोजले आणि म्हणाला, “काकू, हे बारा किलो आठशे.” मला वाटले काटा बिघडला आहे. मग त्याने समजावले. गाडीत जागा अडते ना, म्हणून लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि पाच हजाराने भागायचे. येईल ते किलो. खरे वजन आणि हे ‘जागेचे वजन’ यांत जे जास्त, त्याचे पैसे. चाळीस गुणिले चाळीस गुणिले चाळीस म्हणजे चौसष्ट हजार. भागिले पाच हजार म्हणजे १२.८. दिवाळीत मुलाबाळांना तयार आकाशकंदील कुरियरने पाठवणाऱ्यांनी हे गणित लक्षात ठेवावे आणि घडीचा कंदील घ्यावा.

वरचे पैसे मी पदरचे भरले. भाची म्हणाली, “त्यांच्याकडून मागून घे ना.” पण बोली संपल्यावर टपाल वाढवणे म्हणजे पंगत बसल्यावर ताटाचे पैसे मागण्यासारखे आहे. आपण आकडा सांगितला, त्यावर विसंबून दुसऱ्याने शब्द दिला. आता आपल्या अज्ञानाचा भुर्दंड आपणच सोसायचा.

ह्यांची वही

तीन ठेचा लागल्यावर मी ह्यांना शरण गेले. ह्यांनी एक कोरी वही काढली, मध्ये उभी रेघ मारली आणि डोळ्यांत न मावणारा आनंद लपवत म्हणाले, “सांग.” गुरुजींच्या पुस्तकाचा हिशोब आम्ही पहिल्यापासून मांडला. टपाल चोवीस. नवे जाड पाकीट दहा. दोन्ही बाजूंना पुठ्ठा आणि पावसासाठी प्लास्टिकची पिशवी, सहा. चिकटपट्टी आणि पत्त्याचा कागद, चार. पोस्टात जाण्या-येण्याची रिक्षा ऐंशी; एका खेपेला पाच पार्सले, म्हणून प्रत्येकी सोळा. एकूण साठ.

“रिक्षा धरायची का?” ह्यांनी विचारले. “भाजीला जातेसच की तिकडे.”

“भाजी पिशवीत मावते. पाच पार्सले मावत नाहीत.”

रिक्षा मंजूर झाली. मग माझ्या श्रमांचा प्रश्न निघाला. एक पुस्तक नीट बांधायला मला वीस मिनिटे लागतात. त्याचे काही मोल नाही? गृहिणीच्या कामाचे मोल कोणी करत नाही म्हणून मी आधीच या विषयावर टपलेली होते. ह्यांनी मात्र चांगला तोडगा काढला. “मोल आहेच,” ते म्हणाले, “पण ते पहिल्या बोलीत घाल. पुस्तक तीसपासून सुरू करतेस, ते साठपासून कर. नफा, श्रम, हौस, सगळं तिथं उघड्यावर मागावं; लोकांना पटलं तर देतील. टपालाच्या रकान्यात फक्त जे खरोखर बाहेर गेलं ते.”

बेचाळीस वर्षांत ह्यांचे म्हणणे मला पहिल्यांदा पूर्ण पटले. नफा घ्यायचा तर तो मालात घ्यावा, वाटखर्चात घेऊ नये. मालावरचा नफा दोघांच्या संमतीचा असतो. वाटखर्चावरचा नफा एकालाच ठाऊक असतो.

पुढे भाचीने सांगितले की कायद्याचेही धोरण हेच आहे. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-वाणिज्य नियमांप्रमाणे विक्रेत्याने एकूण किंमत एकाच आकड्यात सांगावी आणि तिची फोड करून दाखवावी. पोचवण्याचा, टपालाचा आणि हाताळणीचा आकार त्या फोडीत आला पाहिजे. किंमत आधी कमी दाखवून शेवटी एकेक आकार ठिबकवत वाढवण्याची युक्ती तर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी फसव्या क्लृप्त्यांच्या यादीतच घातली. माझ्यासारख्या घरची अडगळ मोकळी करणाऱ्या व्यक्तीला, तो तिचा नियमित धंदा नसेल तर, २०२० चे नियम लागू होत नाहीत. पण कायदा लागू नाही म्हणून इमानदारीही लागू नाही, असे थोडेच आहे?

तेव्हापासून माझ्या फोटोखाली चार ओळी ठरलेल्या असतात. पहिली, वस्तू बांधून तोललेले वजन. आधी बांधायचे, मग तोलायचे. पुठ्ठ्यालाही वजन असते आणि तीनशे ग्रॅमची रेघ दहा ग्रॅमने ओलांडली तरी पुढचा दर लागतो. दुसरी, टपाल इतके आणि बांधणी इतकी, वेगवेगळे. तिसरी, एकाच आठवड्यात दोन-तीन वस्तू घेतल्यास एकच पार्सल आणि एकदाच खर्च. चौथी, अंदाजापेक्षा वीस रुपयांहून जास्त उरले तर परत, कमी पडले तर माझे. फुटणाऱ्या वस्तूची बांधणी मी आता बिनदिक्कत दीडशे-दोनशे लावते, आणि ती कशी केली त्याचा फोटोही पाठवते. आजवर कोणी कुरकुर केलेली नाही. लोकांना खर्चाचा राग नसतो. न कळलेल्या खर्चाचा असतो.

राहता राहिला चिवड्याचा डबा. ह्यांच्या वहीवरून आम्ही आधीच्या चौदा गिऱ्हाइकांचा हिशोब काढला आणि जादा घेतलेले पैसे एकेकाला परत पाठवले. काहींना आठवतही नव्हते. एकाने विचारले, “काकू, नक्की काय झालं?” एका बाईंनी पैसे घ्यायचे साफ नाकारले आणि मला लाजेने अधिकच चोरट्यासारखे झाले. गुरुजींना नव्वद रुपये पाठवले, आणि पैशांबरोबर निळ्या शाईने पत्रही लिहिले. डबा रिकामा झाला. साडी राहिली. त्या डब्यात यंदा चिवडाच भरला आहे.

गुरुजींचे उत्तर आले नाही. मला वाटले, त्यांच्या लेखी मी संपले. पण पुढच्या महिन्यात एका रविवारी, नऊला दोन मिनिटे कमी असताना, मामंजींच्या तीन पुस्तकांवर त्यांची बोली पडली. तिन्ही त्यांनाच मिळाली. तिन्ही मी एका नव्या खोक्यात, कोपऱ्यांना पुठ्ठ्याच्या घड्या लावून, कानाशी धरून हलवून पाठवली.

दहा-बारा दिवसांनी पोस्टमन एक चपटे पार्सल घेऊन आला. आत माझेच खोके होते, चिकटपट्टी अलगद सोडवून नीट घडी घातलेले, आणि कोपऱ्यांच्या त्या पुठ्ठ्याच्या घड्याही. ह्यांनी लगेच हिशोब केला की खोक्याच्या किमतीपेक्षा ते परत पाठवण्याचा खर्च जास्त झाला आहे. व्यवहाराच्या दृष्टीने ते बरोबरच होते. खोक्यात एक चिठ्ठी होती:

“खोके धड आहे, पुन्हा वापरावे. परतीचा ट. ख. आमचा.”